पुसलेला धवला

मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्यासारखा कुणी पाहिलाही नसेल. मी कॅसेटच्या जमान्यातला एक टेपरेकॉर्डर आहे. काळं अंग, वर उचलायची दांडी, समोर जाळीचा स्पीकर आणि खाली बटणांची रांग. त्यातलं एक बटण लाल आहे. ते दाबलं की समोर जे बोललं-गायलं जाईल ते मी कॅसेटच्या फितीवर धरून ठेवतो. ऐकायचं, जपायचं आणि सांगितलं की परत ऐकवायचं, एवढंच मला येतं. पण तेवढं मी आयुष्यभर चोख केलं.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. त्यातलं मला काही आठवत नाही. आठवतं ते रबाळे गावातलं धर्मराज पाटलांचं घर. नव्या शहरासाठी गावाची भातशेती गेली आणि मागोमाग घराघरांत नवनवीन वस्तू आल्या. कुणाकडे सोफा आला, कुणाकडे मोटारसायकल. धर्मराजांकडे मी आलो. त्यांच्या बायकोने मला हळदकुंकू लावलं आणि वर क्रोशाचा रुमाल पांघरला. गावात साखरपुडा असो की बारसं, "धर्मादादा, तुमचा टेप द्या" असा निरोप यायचाच. पोरं माझ्यासमोर नाचायची आणि म्हातारी माणसं कानावर हात ठेवून हसायची. काय दिवस होते ते!

मग सीडी आली, तिच्यामागून मोबाईल आला. मला माळ्यावर टाकलं, मोडक्या पंख्याशेजारी. धर्मराज गेले. त्यांच्या मुलाने, रूपेशने, घर पाडून चार मजली इमारत बांधायला काढली तेव्हा मला खाली उतरवलं आणि दाराशी भंगाराच्या ढिगात ठेवलं. तिथून मला उचललं ते दिलीप म्हात्रे यांनी.

दिलीपराव त्याच गावचे. त्यांच्या चाळी होत्या, खोल्या भाड्याने दिलेल्या होत्या, आणि आता त्यांना इतिहासाची ओढ लागली होती. त्या जानेवारीत त्यांनी 'खाडीकाठ इतिहास मंडळ' सुरू केलं. ऐरोलीत एका इमारतीखालचा रिकामा गाळा होता, तेच मंडळाचं ऑफिस. तिथे मिठागरातली लाकडी फावडी होती, मासे धरायच्या पाग होत्या, भात मोजायची मापं होती. दिलीपरावांनी मला स्वतःच्या रुमालाने पुसलं आणि काचेच्या कपाटात मधोमध ठेवलं.

"ऋता, बघ," ते म्हणाले, "आपल्या गावाचा पहिला टेप. चालू झाला तर मजा येईल ना?"

ऋता मंडळाचं सगळं कामकाज बघायची. मूळची साताऱ्याकडची, महापेला एका कंपनीत नोकरी, ऐरोलीत फ्लॅट. शनिवार-रविवार मंडळाचे. तिने माझे स्क्रू काढले, रबरी पट्टा बदलला, कापसाच्या बोळ्याने माझं डोकं साफ केलं. मी परत बोलू लागलो तेव्हा ती लहान मुलीसारखी टाळ्या वाजवत सुटली.

ते वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात भरगच्च वर्ष. फेब्रुवारीत मंडळाने लोकांना खाडीकाठी जुन्या मिठागरांच्या बांधावर फिरायला नेलं. माहितीपेक्षा फ्लेमिंगोंचे फोटोच जास्त निघाले. मार्चमध्ये एका शाळेत जुन्या अवजारांचं प्रदर्शन भरलं आणि मुलांनी रांग लावून माझी बटणं दाबली. पावसाळ्यात दर महिन्याला व्याख्यान असे. श्रोते मोजकेच, वडापाव मात्र नेहमी कमी पडायचे. दिवाळीत किल्ल्यांची स्पर्धा झाली आणि परीक्षक कोण यावरून भांडणही झालं. या सगळ्यात मला घेऊन जायचे, टेबलावर मांडायचे, कौतुक करायचे. दिलीपराव प्रत्येक वेळी सांगायचे, "आपल्या माणसांचा आवाज जपणं, हेच आपलं मंडळ." मला ते मनापासून पटायचं. माझ्याच जातीचं काम होतं ना ते!

पण मला सांगायचं आहे ते मे महिन्याबद्दल.

रबाळे गावात यशोदाबाई नावाच्या एक धवलारीण राहत होत्या. आगरी लग्नात धवले म्हणतात. हळद लागते, मांडव पडतो, नवरी निघते, त्या प्रत्येक वेळचं गाणं वेगळं, आणि ती गाणारी बाई म्हणजे धवलारीण. तिच्याशिवाय लग्न लागलं असं जुनी माणसं मानत नाहीत. यशोदाबाईंनी गावातल्या दोन पिढ्यांना हळद लावली होती. दिलीपरावांनाही.

मंडळ सुरू झाल्यापासून ऋता त्यांच्याकडे खेपा घालत होती. यशोदाबाई चहा द्यायच्या, गप्पा मारायच्या, पण गायच्या नाहीत.

"मोबाईलान मी नाय गानार," त्या म्हणायच्या. "मागचे साली पोरांनी माजा गाना मोबाईलान घेतला न सगल्या गावान फिरवला. खाली कुनीतरी हसाची चित्रा लावली. लगनाचा गाना हाय त्यो, तमाशा नाय."

मे महिन्यात त्यांनीच ऋताला बोलावणं धाडलं. त्यांच्या गळ्यात गाठ होती. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, आणि नंतर आवाज राहणार नाही असंही सांगितलं होतं. यशोदाबाईंची नात नमिता, तिचं लग्न ठरत होतं. आईविना वाढलेली पोर, आजीच्याच हाताखाली मोठी झालेली. तिच्या हळदीला आपण गाऊ शकणार नाही, या एकाच विचाराने म्हातारी खचली होती.

"तुमचा त्यो जुना टेप हाय ना, डब्यासारखा?" त्यांनी विचारलं. "त्यातला गाना बाहेर पलत नाय ना?"

"नाही आजी," ऋता म्हणाली. "कॅसेटमध्ये राहतं. कॅसेट जिथे, गाणं तिथे."

म्हणून मित्रांनो, माझी निवड झाली. मी जुना होतो, माझ्यातलं गाणं मोबाईलवरच्यासारखं फॉरवर्ड करता येत नव्हतं, म्हणून!

ऋताने ठाण्याच्या एका जुन्या दुकानातून सीलबंद कॅसेट शोधून आणली. एकच मिळाली. रविवारी सकाळी मला यशोदाबाईंच्या ओटीवर पाटावर ठेवलं. ऋता होती, नमिता होती, दिलीपराव होते. यशोदाबाईंनी दिलीपरावांकडे पाहिलं.

"दिल्या, यो धवला माजे आयशीचा. तिचे आयशीचा. मांडवाचे बाहेर मी कदी बोलली नाय. तुज्या लगनान बोलली व्हती, आठवतं?"

"आठवतं ना काकी. आई रडली होती."

"मंग आयक. नमीचे हलदीला एकदा वाजवायचा. मंग कपाटान ठेवायचा. दुसऱ्या कामाला नाय लावायचा. त्याची नक्कल नाय काराची. बोल."

दिलीपरावांनी गळ्याला चिमटा काढला. "गावदेवीची आण, काकी. कपाटाची चावी माझ्याकडं असते. कोन हात नाय लावनार. तू टेन्शन नको घेऊ."

ऋताने लाल बटण दाबलं.

मी पुष्कळ गाणी ऐकली आहेत. तसं गाणं पुन्हा ऐकलं नाही. यशोदाबाईंचा आवाज फुटत होता, मध्येच गाठीपाशी अडत होता, त्या थांबून आवंढा गिळत होत्या आणि पुन्हा तीच ओळ धरत होत्या.

*खारीचे बांदावर हलद सांडली गो,*
*मायनी नवरीचे पदरी बांदली गो...*

नमिता भिंतीला टेकून ऐकत होती. मध्येच तिने तोंडावर ओढणी घेतली. दिलीपरावांनी चष्मा काढून डोळे पुसले, ते मी पाहिलं. खोटे अश्रू नव्हते ते. म्हणूनच पुढचं मला आजही कळत नाही.

गाणं संपल्यावर ऋताने कॅसेट बाहेर काढली आणि तिच्या मागच्या कडेचा प्लास्टिकचा बारीक दात पेनाने मोडून टाकला. "आता हिच्यावर दुसरं काही भरताच येणार नाही," तिने सगळ्यांना समजावून सांगितलं. खरं होतं ते. माझ्या आत एक छोटी पट्टी असते. कॅसेट घातली की ती तो दात चाचपून बघते. दात असला तर लाल बटण दाबलं जातं. दात नसला तर माझं लाल बटण कुणाच्या बापाला दाबता येत नाही. आम्हां यंत्रांची ती राखणदारीची रीत आहे.

जुलैत ऑपरेशन झालं. यशोदाबाई वाचल्या, आवाज गेला. दसऱ्याच्या सुमाराला त्या एकदा नमितासोबत ऑफिसात आल्या, कपाटाच्या काचेवर बोट ठेवलं आणि कॅसेटकडे बघून हसल्या. ऋताने ऐकवू का विचारलं. त्यांनी मानेनेच नको म्हटलं. हळदीलाच ऐकायची होती.

आणि मग जानेवारी आला. मंडळाचा पहिला वर्धापनदिन.

दिलीपरावांच्या डोक्यात एव्हाना एक इमारत शिरली होती. गाळा मालकाला परत हवा होता. मंडळाला स्वतःचं 'इतिहास भवन' पाहिजे, असं ते उठता-बसता बोलत. त्यासाठी एका बड्या माणसाला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. त्यांच्या शब्दावर भूखंड मिळतात असं सगळे म्हणत. पाहुण्यांना खूश कसं करायचं? दिलीपरावांनी नामी युक्ती काढली. पाहुण्यांनी मंचावर माझं लाल बटण दाबायचं, मग भाषण करायचं, आणि शेवटी त्यांचाच आवाज या जुन्या यंत्रातून सर्वांना ऐकवायचा. पेपरात फोटो नक्की.

आदल्या दुपारी त्यांनी एकट्याने मला चालवून बघितलं. धर्मराजांच्या जुन्या कॅसेटी आणल्या होत्या. त्यांना बुरशी आली होती. पहिली घातली तर फीत माझ्या चाकांत गुंतून तुटली. दुसरी फिरेचना. बाजारात नवी कॅसेट मिळेना. दिलीपराव कपाटापाशी गेले. चावी फिरल्याचा आवाज मी ऐकला.

त्यांनी यशोदाबाईंची कॅसेट माझ्यात घातली आणि लाल बटण दाबलं. मी हललो नाही. त्यांनी पुन्हा दाबलं, अंगठ्याने जोर लावून. मी हललो नाही. मित्रांनो, मला वाटलं, आता त्यांना आठवेल. आता ते कॅसेट परत ठेवतील.

त्यांनी कॅसेट बाहेर काढली, मोडलेल्या दाताची जागा पाहिली, टेबलाच्या खणातून चिकटपट्टी काढली आणि तिचा एक तुकडा त्या भोकावर व्यवस्थित चिकटवला. नखाने घासून बसवला. म्हणजे विसरले नव्हते. पूर्ण आठवत होतं. कॅसेट पुन्हा आत आली. माझ्या पट्टीने चाचपून पाहिलं, तिला दात लागला. तिला काय कळणार तो खोटा आहे?

दुसऱ्या दिवशी हॉल भरला होता. ऋता मागे प्रदर्शनाच्या टेबलांपाशी होती. मला मंचावर पाहून ती घाईने पुढे आली.

"दादा, यात कोणती कॅसेट आहे?"

"अगं, वेगळी आणलीय," दिलीपराव शाल घडी करता करता म्हणाले. "जा, तिकडं मुलांकडं बघ."

ती निर्धास्त होऊन गेली.

पाहुण्यांनी बटण दाबलं. कॅमेरे चमकले. ते इतिहासावर बोलले, विकासावर बोलले, आपण लहानपणी किती गरीब होतो त्यावर बोलले. आणि माझ्या आत, त्यांच्या एकेका वाक्याखाली यशोदाबाईंची एकेक ओळ पुसली जात होती. खारीचा बांध गेला. हळद गेली. नवरीची माय गेली. मला ओरडता येत नाही. जे समोर बोललं जातं तेच मला घ्यावं लागतं. दिलीपराव माझ्यापासून हाताच्या अंतरावर बसले होते. पहिल्या दोन वाक्यांनंतर थांबवलं असतं तरी पुष्कळ वाचलं असतं. त्यांनी हात लांब केला नाही. ते मान डोलावत होते.

भाषणाच्या शेवटी पाहुण्यांनी भूखंडाचा शब्द दिला. टाळ्यांचा कडकडाट झाला. तोही मी घेतला. मग फीत मागे नेली आणि ठरल्याप्रमाणे पाहुण्यांचाच आवाज मी हॉलला ऐकवला.

संध्याकाळी कॅसेट परत कपाटात गेली. चिकटपट्टी काढून टाकली होती.

फेब्रुवारीत हळदीच्या आधी चार-पाच दिवस यशोदाबाई आणि नमिता कॅसेट न्यायला आल्या. यशोदाबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं, गळ्यावरचा व्रण पदराने झाकला होता. ऋताने तिच्याजवळच्या जादा चावीने कपाट उघडलं. ती म्हणाली, "आजी, एकदा लावून बघूया. मांडवात अडायला नको." दिलीपराव तेव्हाच आत येत होते. ते दारातच थबकले.

"आता कशाला?" ते म्हणाले. "तिकडंच लावा ना."

पण ऋताने बटण दाबलं होतं.

"आदरणीय व्यासपीठ," मी म्हणालो, त्या बड्या माणसाच्या आवाजात. "आणि माझ्या बंधू-भगिनींनो..."

ऋताला वाटलं, चुकीची कॅसेट. तिने काढून पाहिली. तिच्याच अक्षरात वर नाव होतं. तिने पुन्हा घातली, फीत पुढे पळवली. भाषण. आणखी पुढे. भाषण. टाळ्या. मग खट्ट असा आवाज झाला, आणि भाषण जिथे संपलं होतं त्यापुढचा जेमतेम तुकडा उरला होता तो वाजला. गाणं नव्हतं त्यात. यशोदाबाईंचा दमलेला श्वास होता आणि त्यांचं बोलणं:

"झाला गो पोरी. पानी दे मना."

स्वतःचा गेलेला आवाज यशोदाबाईंनी ऐकला तो एवढाच. त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, पण नुसती हवा बाहेर आली. त्यांना दिलीपरावांना शिवी द्यायची होती की हाक मारायची होती, कुणाला कळलं नाही. 

"दादा," ऋता म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं होतं."

"अगं, दुसरी कॅसेट नव्हती. ऐन वेळी काय करणार?" दिलीपरावांनी खुर्ची पुढे ओढली. "काकी, बस. ऐक माजं. आपल्या गावाचा भवन होतोय. एका गान्यापायी सगळं सोडायचं का? तुझा फोटो लावू आपण तिथं. मोठ्ठा."

नमिता पुढे झाली. "दिलीपकाका, तुमी देवीची आण घेतली होती. माझ्या समोर."

"मंग काय मी चोरी केली काय? मंडळासाठीच केलं ना?"

यशोदाबाईंनी हात वर करून दोघांना थांबवलं. त्यांनी माझ्यातून कॅसेट काढली, क्षणभर तळहातावर धरली, आणि दिलीपरावांपुढे टेबलावर सरकवली. मग दोन्ही हात झटकले, आपण मेलेल्या माणसाच्या घरून निघताना झटकतो तसे. खुर्चीला शिवल्याही नाहीत. नातीचा हात धरून निघून गेल्या.

नमिताच्या हळदीला धवला झाला नाही. ऋता गेली होती. ती दुसऱ्या दिवशी किल्ल्या परत द्यायला आली तेव्हा दिलीपरावांना तिने सांगितलं आणि मी ऐकलं. बायकांनी आठवतील तशा ओळी जुळवल्या. गावातल्या म्हाताऱ्या गोजराबाईंना सुरुवात येत होती, कुणाला शेवट. मधलं कुणालाच येत नव्हतं. तिथे सगळ्या गप्प झाल्या. यशोदाबाई नातीच्या कपाळाला हळद लावत राहिल्या, ओठ हलवत राहिल्या. सगळा मांडव त्या ओठांकडे बघत होता.

"आता मी येणार नाही," ऋताने किल्ल्या ठेवल्या. 

"तू पन? अगं, भवनाचं भूमिपूजन आहे पुढच्या महिन्यात!"

ती दाराबाहेर पडली होती.

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तरी चाललं असतं. पण एप्रिलमध्ये दिलीपरावांच्या मुलीचं, रंजिताचं, लग्न ठरलं. दिलीपरावांची आई अजून हयात आहे. तिने सांगितलं, धवल्याशिवाय माझ्या नातीला हळद लागणार नाही. दिलीपराव यशोदाबाईंच्या दारी गेले. दार नमिताच्या मावशीने उघडलं आणि लावून घेतलं. गोजराबाईंनी सांगितलं, मला सगळा येत नाही, आणि येत असता तरी तुझ्या मांडवात बोलले नसते.

मग एका दुपारी त्यांनी ऑफिसातून ऋताला फोन लावला. मी टेबलावरच होतो. फोन स्पीकरवर होता.

"ऋता, ऐक ना. तू तेव्हा मोबाईलवर थोडं तरी घेतलं असशील. सगळे घेतात. चोरून का होईना. आपल्या घरचंच लग्न आहे, बाहेर नाय जानार."



"नाही घेतलं, दादा," ती म्हणाली. "आजींनी नको सांगितलं होतं."

फोन ठेवल्यावर दिलीपरावांनी कपाट उघडलं. ती कॅसेट माझ्यात घातली आणि खुर्ची जवळ ओढून बसले. पाहुण्यांचं अख्खं भाषण त्यांनी ऐकलं, पुढे न पळवता. कुठेतरी खाली, मागे, एखादी ओळ उरली असेल असं त्यांना वाटत असावं. ते कान माझ्या जाळीला लावून बसले होते. मी काहीच लपवत नव्हतो. माझ्याकडे काही उरलंच नव्हतं. टाळ्या संपल्या, मी खट्ट केलं, आणि यशोदाबाई म्हणाल्या, "पानी दे मना."

ते उठले आणि माझी वायर भिंतीतून ओढून काढली. तेव्हापासून मी मुका आहे.

आता मला भवनात ठेवणार म्हणे, काचेच्या पेटीत, दिव्याखाली. तुम्ही शाळेच्या सहलीला याल. मार्गदर्शक तुम्हाला सांगेल की या यंत्राने गावाचा आवाज जपला. तुम्ही माना डोलवाल. मित्रांनो, एक करा. त्याला विचारा, कुणाचा आवाज, आणि कुठे आहे तो? तो गडबडला तर हसू नका. 

वस्तू जुनी झाली म्हणून टाकू नका, हे तुम्हाला सगळे सांगतात. मी वेगळं सांगतो. माझं काय, मी भंगारात गेलो असतो तरी माझं काही बिघडलं नसतं. पण एखादी म्हातारी तिच्याजवळचं शेवटचं काही तुमच्या हाती देईल, आणि 'नीट ठेव हं' असं म्हणेल. तेव्हा तोंडातून हो निघण्याआधी नीट विचार करा. जमणार नसेल तर तिथेच नाही म्हणा. ती रागावेल, पण ते तिच्याजवळ तरी राहील.